त्रेसष्ट प्राणी आणि बारा गोळ्या

आमच्या नात्यागोत्यात लग्नाच्या पंगतीला मला मुद्दाम मधोमध बसवतात. वाढप सुरू व्हायला उशीर असला की कुणीतरी म्हणतं, काका, ते बार्शीच्या चादरींचं सांगा की. मग मी सांगतो. नव्या पेठेतल्या एका चादरी-टॉवेलच्या दुकानाचं गोदाम मी सदतीस वर्षं सांभाळलं. तेवढ्या वर्षांत अक्कलकोटचा माल बार्शीला, बार्शीचा तुळजापूरला, आणि एकदा तर मालकाच्या मुलीच्या रुखवताचा गठ्ठा थेट विजापूरच्या टेम्पोत, असं बरंच काही पाठवलंय. परक्याच्या लग्नात आहेर करून, पोटभर जेवून, नवरदेवाला मिठी मारून आलोय. माझ्या चुका मी आपल्या तोंडानं सांगत सुटतो, कारण त्यात एक सोय आहे. आपणहून सांगितलेल्या चुकीवर लोक हसतात, आणि हसलेला माणूस रागवायचं विसरतो. ही युक्ती मी लहानपणी दादावर वापरून पक्की केली होती. त्याची पाटी फोडली की त्यानं हात उगारायच्या आत मी ती कशी फुटली याची नक्कल करून दाखवायचो. उगारलेला हात तो पोटाला लावून हसत बसायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. हा किस्सा त्याचा आहे. तो मी पंगतीत सांगत नाही.

दादा गिरणीत होता. कापूस पिंजून त्याचे पेळू करतात त्या खात्यात लागला आणि तिथंच जॉबर, म्हणजे मुकादम, झाला. लग्न केलं नाही. का केलं नाही हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. गिरणी बंद पडली तेव्हा तो बाहेर आला, पण तिथली कापसाची धूळ त्याच्या छातीतच राहिली. आधी जिना चढताना दम लागायचा, मग चालताना, मग अंघोळ करताना, आणि शेवटी नुसतं बसल्या जागी. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला आमच्या पुढच्या खोलीत आणलं. खिडकीखाली खाट, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. मशीनची घरघर दिवसभर चालायची. दादा म्हणायचा, बरं वाटतं, खात्यात असल्यागत वाटतं.

त्याच्या सोबत सामान आलं ते एक पत्र्याची ट्रंक आणि बिस्किटाचा एक जुना चौकोनी डबा. डब्यात त्याचे प्राणी होते.

आमच्या लहानपणी एका टूथपेस्टच्या खोक्यातून प्लॅस्टिकचा एक छोटा प्राणी निघायचा. अंगठ्याच्या पेराएवढा, कडक, चकचकीत, एकरंगी. कधी हत्ती, कधी सांबर, कधी नाव न कळणारा कुठला तरी परदेशी. गंमत अशी, की आमच्या घरात टूथपेस्ट कधी आलीच नाही. आम्ही राखुंडीनं दात घासायचो, त्यातही वडलांचं झालं की उरेल तिच्यानं. दादाची चित्रकला मात्र चांगली होती. वर्गातल्या टूथपेस्टवाल्या पोरांच्या वह्यांत तो नकाशे काढून द्यायचा आणि एका नकाशाला एक प्राणी घ्यायचा. नद्या दाखवलेला भारत असेल तर दोन. असे त्रेसष्ट प्राणी त्यानं कमावले. मला हात लावायची मनाई होती. एकदा मी उंट चघळला, त्याचा एक कान गेला. तेव्हाही मी उंटाची नक्कल करूनच सुटलो.

साठ वर्षं ते प्राणी कापसात गुंडाळून त्या डब्यात झोपले होते. चाळीतल्या खोलीत आम्ही सात माणसं, नंतर दादाच्या भाड्याच्या खोलीत कोनाडासुद्धा नव्हता. ते सगळे एकदम उभे करायला जागाच कधी मिळाली नाही. दादा चार-पाच काढायचा, तळहातावर उभे करायचा, परत ठेवायचा.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता महिने मोजायचे, वर्षं नाहीत. मी आत आलो तर दादानं माझ्या तोंडाकडं नुसतं बघितलं. संध्याकाळी डबा मांडीवर घेऊन म्हणाला, "एकदा सगळे उभे बघायचेत, बारक्या. सगळे एकदम. बास."

मुलगी पुण्याला असते. तिला फोनवर सांगितलं तर तिनं काचेचं एक उभं कपाट मागवून दिलं. असल्या छोट्या मूर्त्या, बाहुल्या मांडायला हल्ली लोक घेतात ते. चारी बाजूंनी काच, आत काचेच्या तीन फळ्या, वर एक छोटा दिवा. ते खोक्यात सुटं येतं आणि आपलं आपण जोडायचं असतं. तिनं विचारलं, बाबा, जोडायला माणूस पाठवू का? मी म्हटलं, सदतीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस घरात असताना बाहेरचा कशाला?

खोकं आलं. शहाबादी फरशीवर मी सहा चादरी अंथरल्या, त्या बाबतीत आमच्याकडं तुटवडा नाही, आणि त्यावर काचा मांडल्या. सोबत एक कागद होता. त्यावर एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. पहिल्याच चित्रात एकटा माणूस कपाटापुढं उभा आणि त्याच्यावर फुली. शेजारच्या चित्रात दोन माणसं, दोघंही हसतायत. मी म्हटलं, हे अडाण्यांसाठी असेल. तो कागद मी वारा घ्यायला वापरला.

दादा खाटेवरून बघत होता. बोलायला त्याला दम पुरत नव्हता, म्हणून तो खुणा करायचा. गिरणीत यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, तिथं सगळं काम हातांनी बोलून चालतं. मूठ वर केली की यंत्र बंद कर, बोट गोल फिरवलं की चालू कर. दादा तीस वर्षं असंच बोलला होता. मी गोदामातला माणूस. आमच्याकडं चादरी शांत पडून असतात, बोलायचं तर तोंडानंच, त्यामुळं मला त्याची ती भाषा येत नव्हती.

तीन काचा उभ्या राहिल्या होत्या. दादानं हात वर केला आणि तळवा पालथा केला. मला वाटलं, एका अंगावर पडून अवघडलाय. मी पाना खाली ठेवला, त्याला अलगद भिंतीकडं वळवलं, पाठीला उशी लावली आणि परत कामाला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर भिंतीकडं तोंड असलेला दादा खांद्यावरून हात मागं काढून तीच खूण करतोय. मी त्याला परत इकडं वळवलं. त्यानं पुन्हा तळवा पालथा केला. मी पुन्हा उशी उचलली. तेव्हा त्यानं सगळा दम गोळा केला.

"अरे मला न्हाय. कपाट उलटं हाय."

खरंच होतं. दिव्याची भोकं असलेली वरची फळी मी खाली बसवली होती. दादा हसायला लागला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेना. ही स्वयंपाकघरातून धावत आली, त्याच्या तोंडाला औषधाचा फवारा लावला आणि मला म्हणाली की तुम्ही त्यांना हसवू नका, तुमच्या गमती त्यांना झेपत नाहीत. दादानं मात्र हातानं सांगितलं, असू दे, असू दे.

काचा काढल्या, परत लावल्या. मग फळ्या ज्यांवर टेकतात त्या पारदर्शक रबरी टिकल्या मी हरवू नयेत म्हणून वाटीत ठेवल्या, आणि हिनं वाटीत पाणी आहे समजून ती मोरीत पालथी केली. नव्या टिकल्या मागवल्या, त्या यायला आठ दिवस. मग दाराची बिजागरी मी भिंतीच्या बाजूला बसवली, म्हणजे दार उघडायला आधी भिंत पाडावी लागली असती. ती काढून इकडं घेतली. दोन माणसांनी दोन तासांत करायचं काम मी तीन आठवडे केलं. रोज सकाळी दादा विचारायचा, आज? आणि मी म्हणायचो, आज नक्की. त्याच्याकडं मोजून महिने होते आणि त्यातले तीन आठवडे मी असे खाल्ले. तेव्हा मला हे असं दिसलं नाही. तेव्हा मला नवनवे किस्से मिळत होते.

अखेर कपाट उभं राहिलं, खाटेच्या बरोबर समोर. दिवा लावला. दादा कितीतरी वेळ रिकाम्या कपाटाकडंच बघत राहिला. प्राणी तो स्वतः मांडणार होता, ज्या क्रमानं मिळाले त्या क्रमानं, आणि सगळ्यांची तोंडं खाटेकडं. मी खुर्ची कपाटापुढं ठेवली, मशीनची नळी लांबवली, ही डबा धरून बसली. पहिला ससा. शेजारच्या वर्गातल्या पोराला सोलापूर जिल्हा काढून दिला त्याचा. मग सांबर, मग एका कानाचा उंट. प्रत्येकाला त्याच्याकडं दोन शब्द होते. त्या सकाळी त्यानं अकरा मांडले आणि थकला. "राहिलेले उद्या," म्हणाला.

दुपारी त्याचे ओठ निळे पडले. रिक्षा, दवाखाना, मास्क. तिथं आठ दिवस गेले.

मी दवाखान्यातच राहायचो, अंघोळीला फक्त घरी यायचो. दुसऱ्या दिवशी आलो आणि मला सुचलं की राहिलेले बावन्न आपण मांडून ठेवू. दादा येईल, दार उघडताच समोर सगळे उभे. त्याचा क्रम मला माहीत नव्हता, मी उंचीनं लावले, शाळेच्या रांगेसारखे. छान दिसत होते. शेवटचा प्राणी काढला तेव्हा डब्यातल्या कापसातून एक बारीक झुरळ निघालं.

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं. चादरीच्या गोदामात माणूस पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकतो. गठ्ठ्याला चार डांबरगोळ्या. विसरलास तर कसर लागली म्हणून समज. सदतीस वर्षं मी हे इतकं केलंय की माझ्या घामालाही तो वास आहे. लग्न झालं तेव्हा हिला वाटलं होतं की नवऱ्याऐवजी ट्रंक पदरात पडली. घरातली भांडीकुंडी सोडली तर गोळी न ठेवलेली वस्तू नाही. झुरळ बघितलं आणि हात आपोआप गोळ्यांच्या डब्याकडं गेला. तीन फळ्या, म्हणजे तीन गठ्ठे. गठ्ठ्याला चार. मलमलच्या तीन पुरचुंड्या बांधल्या आणि प्रत्येक फळीच्या मागच्या कोपऱ्यात एकेक ठेवून दिली.

संध्याकाळी ही म्हणाली की वास फार येतोय, भावजींना आल्यावर त्रास होईल. मला वास येत नव्हता. माझं नाक त्या वासाला कधीच मेलंय. पण दादाच्या छातीचं म्हणत होती, तेव्हा मी शहाणपणानं दाराच्या चारी फटींना चिकटपट्टी लावून टाकली. आत मुंगी शिरणार नाही आणि बाहेर वास येणार नाही. दिवा चालूच ठेवला. गल्लीतून खिडकीतून कपाट उजळलेलं दिसायचं, शेजारपाजारचे येऊन बघून जायचे, आणि मी अंघोळ करून निघताना तेवढं कौतुक ऐकून जायचो. एप्रिल महिना, वर पत्रा. दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. कपाटाच्या आत काय होत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. येता-जाता नजर टाकायचो, काचेवर उजेड असायचा, सगळं ठीक वाटायचं.

आठव्या दिवशी सकाळी दादाला सोडणार होते. काच पुसावी म्हणून मी वर्तमानपत्राचा बोळा घेऊन कपाटाजवळ गेलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं.

उंट बसला होता. मी त्याला उभा ठेवला होता, पण त्याचे पाय गुडघ्यात वाकून तो खरंच बसला होता. जिराफाची मान काचेला टेकून खाली घसरली होती. हत्तीची सोंड पुढच्या घोड्याच्या पाठीवर पडून तिथंच मुरली होती. सगळ्यांवर ओली चमक होती, घाम आल्यासारखी. पुरचुंड्यांजवळचे तर ओळखू येत नव्हते, नुसती रंगीत ढेकळं. मी चिकटपट्टी फाडून दार उघडलं तेव्हा तो वास माझ्या मेलेल्या नाकालाही लागला. सांबर उचलायला गेलो तर सांबर वर आलं आणि पाय खाली राहिले. मध्ये बारीक तार आली, पाकाची येते तशी. दादानं स्वतः मांडलेले अकरासुद्धा वाचले नव्हते. पुरचुंड्या उघडल्या तर आत वाटाण्याएवढ्या गोळ्या उरल्या होत्या. बाकीच्या हवा होऊन या प्राण्यांत शिरल्या होत्या.

अकरा वाजता दादा येणार होता. मी पुरचुंड्या लांब फेकून आलो, दार लावलं आणि डबल बेडची एक चादर कपाटावर टाकली.

दादा खाटेवर टेकला आणि त्यानं पहिलं बोट चादरीकडं केलं. मी म्हटलं, सगळे मांडून ठेवलेत, पण आत्ता नाही. अक्षय तृतीयेला उघडू. अकरा दिवसांवर आलीय, चांगला मुहूर्त आहे. माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही. दादा मुहूर्त मानणारा नव्हता. पण तो माझ्याकडं बघून हसला आणि त्यानं मान हलवली. बारक्यानं काहीतरी थाट केलाय, करू दे, असं ते हसणं होतं.

पुढचं लिहायला मी तीन दिवस घेतले.

अकरा दिवस मी का मागितले? डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं की घरी न्या, आता आठवडा काढला तरी खूप. ते माझ्या डोक्यात होतं. मी हिशोब केला नाही, पण हिशोब झाला होता. दादा अक्षय तृतीयेपर्यंत पोचला नाही, तर त्याला कधी कळणार नाही. तो गेला असता तर माझी चूक झाकून गेली असती. मी माझ्या भावाच्या मरणाची वाट बघत होतो, आणि ती वाट बघत असताना त्याला चमच्यानं पेज भरवत होतो.

आणि दादा सुधारायला लागला.

दवाखान्यात घोटभर घेणारा माणूस अर्धी वाटी खाऊ लागला. हिला विचारायचा, किती राहिले? ती सांगायची, आठ, भावजी. सात. हिला कपाटातलं ठाऊक होतं. माझ्यासारखीच तीही गप्प होती, पण ती रोज संध्याकाळी मला एकच गोष्ट म्हणायची, आज सांगा. मी म्हणायचो, उद्या.

दादाला दुपारी डोळा लागला की मी चादरीखाली डोकं घालून, बॅटरी तोंडात धरून, दुरुस्ती करायचो. फ्रीजमधला बर्फ पिशवीत घालून फळीला लावला, म्हटलं घट्ट होतील. घट्ट झाले आणि हत्तीची शेपटी कटकन मोडली. खोबरेल तेल लावलं, सुरीनं खरवडलं, दोरा घालून कापून बघितलं. घोड्याचे दोन पाय सुटे झाले, ते मी घरातल्या डिंकानं परत लावायला गेलो आणि उलटे लावले. एकदा चादरीखालून बाहेर आलो तर दादा जागा होता. त्यानं नुसत्या भुवया उडवल्या. मी म्हटलं, सजावट चाललीय. तो समाधानानं परत झोपला.

अक्षय तृतीया आली. दादा होता.

सकाळी त्यानं हिच्याकडं पांढरा सदरा मागितला. मी त्याची दाढी केली. दोन ठिकाणी कापलं. तो म्हणाला, "हळू की. लग्न हाय व्हय माझं?" तीन उशा पाठीला लावून त्याला बसता केला. ही दारात उभी राहिली, आत आली नाही.

मी चादर ओढली.

ओढता ओढताच मी सुरू केलं. मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, दादा, ऐक, काय झालं माहितेय का, तू तिकडं गेलास आणि तुझ्या या मंडळींनी इथं पार्टी केली. हा उंट बघ, पिऊन बसलाय, उठेचना. हत्तीनं घोड्याच्या गळ्यात सोंड टाकलीय, म्हणतोय घरी सोड मला. जिराफ तर बघ, आडवा. मी उंटाची नक्कल केली, तीच, साठ वर्षांपूर्वीची, एक कान हातानं झाकून. जिराफासारखी मान टाकली. मी बोलतच होतो. त्यानं हसावं म्हणून मी थांबत नव्हतो. तो एकदा हसला असता, खोकला असता, तर सगळं नेहमीसारखं झालं असतं.

दादानं मूठ वर केली.

ही खूण मला आता येत होती. मी थांबलो. मशीन तेवढं घरघरत राहिलं. दादा एकेक फळी बघत होता, वरून खाली, डावीकडून उजवीकडं, जसा खात्यात यंत्रांवरून फेरी मारायचा तसा. घाई नव्हती. मला वाटतं, तो ओळखू येतात का ते बघत होता. मग म्हणाला, "गोळ्या टाकल्यास?"

मी म्हटलं, हो.

"किती?"

"बारा."

त्यानं मान हलवली. दम घेतला. "कळलं कधी तुला?"

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हणता आलं असतं. पण तो माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, तुला घरी आणलं त्या सकाळी.

दादानं मनाशी दिवस मोजले असावेत. त्याची बोटं चादरीवर थोडी हलली. मग ती थांबली. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो आणि त्याला सगळं समजलेलं मला दिसलं. अकरा दिवस कशासाठी होते ते. तो रागावला नाही. आवाजही चढला नाही, चढवायला दमच नव्हता.

"माझे होते रे ते," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं परत मूठ वर केली. बराच वेळ ती मूठ तशीच हवेत होती, मग हात आपोआप खाली आला.

"वळव मला," तो म्हणाला. "भिंतीकडं."

मी त्याला वळवलं. पाठीला उशी लावली. आता मला ते नीट जमत होतं. मग कपाटावर परत चादर टाकली.

त्यानंतर तो सहा दिवस होता. हिच्याशी बोलायचा. पेज खारट झालीय, पाऊस कधी येणार, तुझ्या आईचं गुडघ्याचं कसं आहे. माझ्याशी खुणांनी. पाणी, पंखा, उशी. बोलायला दम लागतो त्यांना, असं ही मला समजावायची. मी हो म्हणायचो. या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं की थोड्या वेळानं तो हातानं सांगायचा, परत तिकडं. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्याचा हात वर आला. मला वाटलं पाणी हवंय. मी तांब्या आणला तोवर हात खाली आला होता. मशीन बंद करायचं मला बराच वेळ सुचलं नाही. शेवटी हिनं केलं.

तेराव्याला नातेवाईक जमले. वाढप सुरू व्हायला वेळ होता. कुणीतरी सवयीनं म्हणालं, काका, दादांच्या काही आठवणी सांगा की, तुमच्या खास शैलीत. मी म्हटलं, पाणी आणतो, आणि मोरीत जाऊन उभा राहिलो. कपाटावर तेव्हाही चादर होती. नात्यातली एक छोटी मुलगी ती उचलून आत बघायला गेली, तिला हिनं हळूच बाजूला घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी कपाट सुटं केलं. मुलगी म्हणाली होती, राहू द्या, दुसरं काही मांडा त्यात. ही म्हणाली, काढा. फरशीवर सहा चादरी अंथरल्या. दार, बिजागरी, दिवा, वरची फळी, मग काचा एकेक. पाऊण तास लागला. एकही चूक झाली नाही. एकही स्क्रू हरवला नाही. टिकल्यासुद्धा सगळ्या सापडल्या. खाट रिकामी होती, म्हणजे बघायला कुणी नव्हतं.

प्राणी फळ्यांपासून सुटत नाहीत. सोडवायला गेलं की मोडतात, म्हणून मी हात लावणं थांबवलं. बिस्किटाच्या डब्यात काचेची फळी मावत नाही. तिन्ही फळ्या, त्यांवरच्या त्रेसष्टांसकट, एका जाड चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटावर ठेवल्यात. त्यात मी गोळी ठेवलेली नाही. परवा ही धूळ झाडताना म्हणाली, झुरळं होतील की हो त्यात. म्हटलं, होऊ देत.